कडप्प्यावरचं हृदय

"आधी तू सांग. कुटपर्यंत येतंय?"

कुणीही वही घेऊन आलं की तिचं पहिलं वाक्य हे. प्रश्न बघायच्याही आधी. मग समोरचा बिचारा अडखळत चार वाक्यं बोलायचा, पाचव्याला थांबायचा, आणि ती टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत असायची. "हां, हितं अडलं," म्हणायची आणि खडू उचलायची. तिने खडू उचलला की माझ्या कपाळाला आठी. कारण ती वहीत काढायची नाही, फळ्यावर काढायची नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मधल्या टेबलावर काढायची. त्याला काळाभोर कडप्पा आहे. आणि तो पुसायचा कुणी? मी.

लोणावळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस आहे. बावीस वर्षं झाली. पोरं मावशी म्हणतात. माझं शिक्षण दहावी, त्यामुळे बाटलीतल्या बेडकाशी माझा संबंध धूळ पुसण्यापुरता. तिचं नाव मी सांगणार नाही. तिला न विचारता हे लिहितेय, आणि या वयात तिचा ओरडा खायची माझी तयारी नाही.

ती बेडश्याची. सकाळी जीपने कामशेत, तिथून लोकलने लोणावळा. कॉलेज दुपारी सुटायचं आणि मधे बराच वेळ लोकलच नसायची. स्टेशनवर माश्या मारत बसण्यापेक्षा इथे बसू दे, असं मॅडमना विचारून तिने प्रयोगशाळेतली दुपार मिळवली. जीवशास्त्राच्या आमच्या मॅडम कडक, पण अभ्यासाला नाही म्हणायच्या नाहीत. "मावशींना त्रास द्यायचा नाही," एवढंच बजावलं. म्हणजे त्रास होणार हे ठरलंच.

आठवड्याभरात तिच्याभोवती दहा-बारा पोरं जमली. तुम्ही अशी पोरं पाहिली असतील. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, हुशार, वर्गात पुढे बसणारी. अकरावीला सायन्सला येतात आणि एकदम सगळं इंग्रजीत. पहिल्या दिवसापासून तोंडं अशी होतात की बघवत नाही. त्यांच्यात एक लोणावळ्यातलीच पोरगी होती, चिक्कीच्या दुकानवाल्यांची, पहिलीपासून इंग्रजीत शिकलेली. ती फाडफाड धडा म्हणून दाखवायची, पण त्यातलं तिला ओ की ठो कळलेलं नसायचं. या दोघींची जोडी मस्त जमली. बेडश्याची समजावून सांगायची, मग चिक्कीवाली तेच इंग्रजीत कसं लिहायचं ते सांगायची, आणि सगळे उतरवून घ्यायचे.

"मोबाइलवर असतंय की गं सगळं," मी एकदा म्हटलं.

"मोबाइल आपलं तोंड बघत न्हाई, मावशी. त्याला काय कळतंय आपलं कुटं अडलंय?"

तिचं सांगणं सगळं आसपासचं. हृदयाच्या झडपा म्हणजे शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी झाली की पोलीस लोणावळ्यात करतात तो वन-वे. "रगत पुढं जानार. मागं आलं की शिट्टी." आणि तिच्या म्हणण्याची परीक्षा घ्यायची ती माझ्यावर. मी झाडू मारत असले तरी हाक यायची, "मावशी, हितं बसा जरा. तुमाला कळलं तर यांना कळंल." हा मान म्हणायचा की अपमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी बसायची.

तांदळाचं तिने सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. भाताच्या एका दाण्यात म्हणे दोन गोष्टी तयार होतात. एक बाळ आणि एक बाळाचा डबा. बाळ एवढंसं, टोकाला. बाकी सगळा डबा.

"गिरणीत बाळ जातंय कोंड्यात," ती म्हणाली. "आपन खातो तो डबा."

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी लेकरांचे डबे खातेय?"

"व्हय," म्हणाली, आणि सगळी पोरं टेबल बडवत हसली. त्या रात्री इंद्रायणीचा भात वाढताना मी नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, आमटी वाढ.

आता घोळ सांगते. टेबल मधोमध, ती एका बाजूला, निम्मी पोरं तिच्या बाजूला आणि निम्मी समोर. ती हृदय काढायची ते स्वतःकडून सुलट, म्हणजे समोरच्यांना उलटं. कार्ल्याचा एक पोरगा नेहमी समोर बसायचा. त्याच्या आईची हायवेला वडापावची गाडी. पोरगा चलाख, पण घाईचा. त्याने वहीत उतरवताना वरचं खाली आणि खालचं वर करून घेतलं, पण डावं-उजवं दिसलं तसंच ठेवलं. शेजारच्या चौघांनी त्याचं बघून तेच केलं. चाचणीचे पेपर तपासून मॅडम हातात पाच पेपर घेऊन प्रयोगशाळेत आल्या.

"कोण कुठल्या बाजूला बसतं ते मला आता पेपर बघूनच कळतं," त्या म्हणाल्या. "या पाच जणांनी काढलेला माणूस जगायचा कसा, तेवढं सांगा."

कार्ल्याचा पोरगा इतका ओशाळला की दोन दिवस वडापाव घेऊन आला नाही. पण बेडश्याची त्याच्यावर चिडली नाही. "चूक माजी हाय," म्हणाली. "मी माज्याकडनं काढत होते."

दुसऱ्या दिवसापासून ती उलटं काढायला लागली. हृदय, मूत्रपिंड, फुलाचं बीजांड, काय वाट्टेल ते. स्वतःच्या बाजूने डोक्यावर उभं, समोरच्यांना अगदी सुलट. आणि सगळ्यांना समोरच्या बाजूला बसवायची. सुरुवातीला रेघ वाकडी जायची, मग हात असा बसला की रांगोळीचे ठिपके जोडावेत तसा फिरायचा. मी पुसायचं फडकं घेऊन उभी राहायची आणि बघतच राहायची. माझी आठी त्याच सुमाराला कधीतरी गेली. खोटं कशाला बोलू, मला तिचा लळा लागला होता.

एकदा आम्ही दोघीच होतो तेव्हा मी विचारलं, "तू सगळ्यांचं करतेस. तुझा अभ्यास कधी करतेस गं?"

"हाच की माजा अभ्यास."

मग आपणहून बोलली. "आबा म्हनलेत, बारावीला चांगले मार्क पडले तर पुन्याला हॉस्टेलवर ठिवतो, बीएस्सी कर. न्हाईतर तळेगावला चुलतबहिनीसंगं कंपनीत. एकदाच बघू म्हनलेत." आबा म्हणजे तिचे वडील. "मला कंपनीचं वाईट न्हाई वाटत, मावशी. पन मला शिकवायचंय." एवढं बोलून ती डबा धुवायला गेली.

बारावीच्या जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. पेपर तपासून झाल्यावर मॅडमनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. मी बाटल्या पुसत होते. खरं म्हणजे एकच बाटली पुसत होते. मॅडमनी टेबलावर स्वतःसमोर तिची उत्तरपत्रिका ठेवली आणि हृदयाच्या आकृतीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

ती समोर उभी होती. तिने वाकून पाहिलं. "बरोबरच हाय की, मॅडम."

मॅडमनी उत्तरपत्रिका हळूच तिच्याकडे फिरवली.

तिचा चेहरा मला बघवला नाही. पेपरातल्या तिन्ही आकृत्या डोक्यावर उभ्या! महिनोन्‌महिने दुसऱ्यांसाठी उलटं काढून काढून, घाईच्या वेळी तिचा हात आपोआप तसाच गेला होता. सुलट काढायची सवयच राहिली नव्हती. नावं तेवढी सरळ लिहिलेली.

"तिन्हींना शून्य दिलंय," मॅडम म्हणाल्या. आवाज कडक होता, पण त्यांच्या डोळ्यांतही पाणी होतं. "मी कागद फिरवून बघेन गं. बोर्डाचा पेपर तपासणारा तुला ओळखत नाही. तो कशाला फिरवेल?"

ती गेल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा मॅडमशी भांडले. म्हटलं, एवढ्या पोरांना तिने तारलं, तिला तुम्ही शून्य देता? मॅडम म्हणाल्या, "मावशी, आत्ता देतेय म्हणून फेब्रुवारीत बोर्डाला पडणार नाही." मला ते पटलं. पण घरी जाऊन मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं आली आणि चिक्कीवालीने आल्या आल्या तिच्या हातातला खडू काढून घेतला. "आजपासून तू बोलायचं नाही. तू काढायचं, आम्ही बघणार."

"आधी तू काढ," कार्ल्याचा पोरगा म्हणाला. "कुटपर्यंत येतंय?" तिचंच वाक्य, तिचाच सूर. ती हसली, पण डोळे भरलेले होते.

रोज दुपारी हेच. हळूहळू काढलं की सुलट यायचं. पण चिक्कीवालीने घड्याळ लावलं की हात परत उलटा. चार दिवस गेले, सहा दिवस गेले. ती चिडायची, आपलाच हात टेबलावर आपटायची. सातव्या दिवशी तिने पेन टाकलं. "न्हाई जमत. जाते कंपनीत. तितं काय चित्रं काढायची न्हाईत."

चिक्कीवालीने पेन उचलून परत तिच्यासमोर ठेवलं. कार्ल्याचा पोरगा मात्र तिच्या कागदाकडे मान वाकडी करून बघत बसला होता. उलट-सुलटाचा त्याच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला होता?

"अगं ए," तो म्हणाला, "हात फिरत नसंल तर फिरवू नको. कागद फिरव की!"

मग त्याने करूनच दाखवलं. कोरा कागद तिच्यासमोर उलटा, वरची कड तिच्याकडे करून ठेवला. "आता तुज्या सवयीनं काढ. काढलं? आता कागद सरळ कर आन नावं लिही."

तिने काढलं. कागद सरळ केला. हृदय सुलट! बरोबर जागच्या जागी! चिक्कीवाली किंचाळली, मी फडकं टाकून टाळ्या वाजवल्या, आणि ती टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. रडता रडता म्हणाली, "लय येडे आपन सगळे." त्या दिवसापासून तिचा घड्याळाशी दावा संपला.

बोर्डाचं केंद्र आमच्याच कॉलेजात होतं. जीवशास्त्राच्या पेपरला पाणी द्यायची माझी ड्युटी. तिच्या वर्गात मी गरजेपेक्षा दोनदा जास्त गेले, कबूल करते. एका फेरीला बघते तर पर्यवेक्षक तिच्यापाशी उभे. बाहेरून आलेले, बारीक मिशीचे गृहस्थ.

"काय गं, उत्तरपत्रिका उलटी का धरलीस?"

"सर, अशी धरली की चित्र सुलट येतंय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, उत्तरपत्रिकेकडे पाहिलं, पानं उलटून खाली-वर पाहिलं. नियमात कुठे बसत नव्हतं, पण नियमाबाहेरही काही दिसत नव्हतं. "बरं," म्हणाले आणि पुढे गेले. माझा जीव भांड्यात पडला आणि हातातलं पाणी जमिनीवर.

तिला चांगले मार्क पडले. कार्ल्याचा पोरगाही पास झाला, त्याने काढलेला माणूसही जगला असावा. निकालानंतर ती पेढे घेऊन आली, सोबत आबा. आबांनी प्रयोगशाळा डोळे भरून पाहिली, कडप्प्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "हितंच व्हय?" मी म्हटलं, "हितंच."

आता ती पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधूनच आवाजी निरोप पाठवते. परवाच्यात म्हणाली, "मावशी, हॉस्टेलवर मी पोरींना शिकवते. हितं फळा भिंतीवर हाय वो, सगळ्यांना सुलटच दिसतंय. पन मला चुकल्यासारकं वाटतंय."

मलाही वाटतं. दुपारी टेबल कोरडं, स्वच्छ, पुसायला काही नाही. बावीस वर्षं ज्याची तक्रार केली नाही त्याची आता करते. कामच कमी झालं.

गेल्या आठवड्यात बारावीची एक नवी पोरगी दुपारी एकटीच बसली होती. वही उघडी, पेन तोंडात. मी झाडू मारत दोनदा तिच्याजवळून गेले. तिसऱ्यांदा राहवलं नाही. तिच्या समोरचं स्टूल ओढलं आणि बसले.

"आधी तू सांग," मी म्हटलं. "कुठपर्यंत येतंय?"

तिने गोंधळून माझ्याकडे, मग झाडूकडे पाहिलं. पण सांगितलं. चार वाक्यं बोलली आणि झडपांपाशी थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मग फळ्याखालचा खडू आणला आणि कडप्प्यावर काढायला लागले. रेघ जरा वाकडी झाली, पण हात गेला बरोबर.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही उलटं काढताय."

"उलटं माझ्याकडून," मी म्हटलं. "तुझ्याकडून बघ."