साडेसातची घंटा

वर्ना स्टोल्झ कॉलेजात कधी शिकली नाही, पण एकतीस वर्षं कॉलेजच्या मेसच्या दाराशी बसली. पोरांची कार्डं यंत्रातून सरकवायची आणि एखाद्याचा उतरलेला चेहरा बघून 'आज सूप घे, पास्त्याच्या वाटेला जाऊ नकोस' असं सांगायचं, हे तिचं काम. ओहायोतल्या त्या लहानशा गावात पोरं प्राध्यापकांची नावं विसरत, वर्नाचं कुणी विसरत नसे.

तिच्या खुर्चीपासून चार पावलांवर ओकचं लांबलचक टेबल होतं. तिथं बसायचं ते भांडायलाच. लॅटिन सक्तीची कशाला, फुटबॉलवर एवढी उधळपट्टी का, मुलींच्या वसतिगृहात मुलांना किती वाजेपर्यंत थांबू द्यावं, आणि पदवी घेऊन शेवटी करायचं काय. पोरं हमरीतुमरीवर यायची आणि ताटातले बटाटे गार व्हायचे. साडेसातला मेस बंद करताना वर्ना पितळी घंटा वाजवायची. त्या क्षणी जो बोलत असेल त्यानं उभं राहून, समोरच्याचं पटलेलं एक तरी म्हणणं सांगायचं आणि मगच ताट उचलायचं. हा नियम कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा एक आडमुठा पोरगा पाऊण तास तसाच उभा राहिला. वर्नाही हटली नाही. पुढे तो वकील झाला, आणि दर नाताळाला तिला न चुकता पत्र पाठवू लागला.

ती भांडणं ऐकत बसायला तिला आवडायचं. आपण फी न भरता शिकलो, असं ती सगळ्यांना सांगे.

मग कॉलेजच्या मनात आलं की टेबल काढावं आणि भिंतीला लॉकर लावावेत. फोनवर जेवण मागवा, हवं तेव्हा येऊन लॉकरमधून डबा न्या. निर्णयाआधी सभा ठेवली. टेबल वाचवायचंच, असा वर्नानं चंग बांधला. जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं मागवली, सहा पानं लिहून काढली. तिचा शब्द कुणी मोडत नसे, म्हणून डीननी तिला शेवटी बोलायला ठेवलं.

तिच्याआधी जोसेलिन प्रुइट उठली. दुसऱ्या वर्षाला होती, आणि वर्ग संपले की गावातल्या वृद्धाश्रमात कामाला जायची.

"टेबल छानच आहे," ती म्हणाली. "पण मी तिथं एकदाही बसले नाही. माझं काम साडेसातला सुटतं. मी पोचते तेव्हा खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या असतात. मिस वर्ना दारातून दोन केळी देतात. भल्या आहेत त्या. पण दीड वर्ष मी केळ्यांवर काढलंय."

वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण दिलेली केळी हिनं चारचौघांत मोजून दाखवावीत? ती तावातावानं कागद घेऊन उभी राहिली. आणि उभी राहिली ती राहिलीच. एकतीस वर्षं दुसऱ्यांना पाळायला लावलेला नियम आता तिच्यापुढे उभा होता. तिनं कागदांची घडी घातली.

"घंटा मी वाजवते," ती हळू म्हणाली. "आत कोण भांडतंय ते ऐकत राहिले, बाहेर कोण राहिलं ते बघितलंच नाही. पोरीचं खरं आहे."

डीननी विचारलं, "आणि तुमचं म्हणणं?"

"झालं माझं."

लॉकर मंजूर झाले. टेबलाच्या शेवटच्या संध्याकाळी साडेसात वाजले, तशी पोरं सवयीनं घंटेकडे बघू लागली. वर्नानं घंटेला हात लावला नाही. वीस मिनिटांनी जोसेलिन धापा टाकत आली आणि केळ्यांसाठी तिनं हात पुढे केला.

"आज केळी नाहीत," वर्ना म्हणाली. "आत जा. सूप गरम आहे, आणि ती सगळी तुझ्या लॉकरला शिव्या देतायत."

जोसेलिन जेवली कमी आणि भांडलीच जास्त. एकटी सात जणांना पुरून उरली. ती ऐन रंगात आली असताना वर्नानं घंटा वाजवली.

शेजारच्यानं तिला नियम सांगितला. जोसेलिन ताटाकडे बघत उठली.

"हे टेबल जायला नको होतं," ती म्हणाली, आणि तिनं ताट उचललं.