दोनदा पुढे सरकलेलं वर्ष

ये, जरा जवळ सरक. समोर नसलीस तरी मी असंच म्हणणार. मी पानभर मेसेज लिहिते आणि तू उत्तराला नुसता अंगठा पाठवतेस, आजीशी बोलायची ही काय रीत झाली? बस आता गप्प आणि ऐक. यातलं निम्मं तुला माहीत आहे. पण मला मधूनच सुरू करता येत नाही, आणि उरलेलं निम्मं तू कधी विचारलं नाहीस.

तू स्कॉटलंडला शिकायला गेलीस तेव्हा तुझ्या बाबाने इथे आखातात, मीना अल-अहमदीच्या त्याच्या रिफायनरीत पेढे वाटले. पोरगी काय शिकते असं कुणी विचारलं की 'पीएचडी' म्हणायचा, आणि कशात म्हटलं की गडबडायचा. "जुन्या चर्चवर काहीतरी." मी तेव्हा नर्सिंगमधून निवृत्त झाले होते. मिरकाबच्या या फ्लॅटमध्ये दुपार सरता सरत नसे. पहिल्या सुट्टीत तू लॅपटॉपभर फोटो घेऊन आलीस. समुद्रकाठच्या एका गावच्या चर्चची वही, जुना पंथ जाऊन नवा आला त्या काळातली. दर आठवड्याला पंच बसायचे आणि गावातल्या माणसांना बोलावून विचारायचे, कोण कुणाबरोबर राहिलं, रविवारी जाळं कुणी टाकलं. कारकून सगळं लिहून ठेवायचा.

"मुंग्या चालल्यात, आजी. मला एक ओळ वाचायला तास लागतो," तू म्हणालीस.

मी चष्मा लावून पाहिलं. माझे वडील भूमी अभिलेखात होते, लहानपणी त्यांनी मला मोडी वाचायला लावलं होतं. हात न उचलता ओढलेलं अक्षर बघून मी घाबरत नाही. चार महिने एकेक अक्षर वहीत गिरवलं. मग तू पानं पाठवायचीस आणि मी तक्ता करायचे. तारीख, माणूस, आरोप, शिक्षा. तुझा बाबा म्हणायचा, "आईला फुकटची नोकरी लागली." तुला सांगते, इतकी मी कुठल्याच ड्युटीवर रमले नव्हते.

त्या वहीत ती मोलकरीण होती. तिला मूल झालं. बाप कोण, विचारल्यावर ती म्हणाली, मासेमारीच्या बोटीवरचा अमुक, त्याने लग्नाचं वचन दिलं होतं, पण बोट ऑक्टोबरात बुडाली. वचनाला साक्षीदार नव्हता. पंचांनी तिला कितीतरी रविवार अनवाणी, गोणपाट नेसवून सगळ्या गावासमोर स्टुलावर बसवलं. खरा बाप सांगेपर्यंत मुलाचा बाप्तिस्मा नाही. ती रडली असं कारकुनाने एकदाच लिहिलंय. पुढे दोन पानांनी एक ओळ आहे, मूल वारलं, प्रकरण बंद.

तू या बाईवर लेख लिहिलास. तुझा पहिला लेख. छापायला गेला, आणि त्याच्या जोरावर पुढच्या वर्षी विद्यापीठात नोकरीची जागा मिळेल असं तुझ्या सरांनी सांगितलं होतं. मला पाठवलास तेव्हा शेवटी आजीचे आभार होते. मी ते आधी वाचले, मग लेख वाचला. तू लिहिलं होतंस की ती खोटं बोलत होती. बोट बुडाल्यावर सोळा महिन्यांनी मूल झालं, तेव्हा पंचांचा संशय रास्तच होता.

सोळा कुठले? मी चारच मोजले होते.

तुला फोन लावला. तू समजावलंस की त्या काळी तिकडे साल मार्चअखेरीस बदलायचं. म्हणून मुलाच्या जन्माचा वहीतला फेब्रुवारी आपल्या हिशेबाने पुढच्या सालात न्यावा लागतो, तसा तू नेलास.

"अगं, पण मी तो आधीच नेला होता," मी म्हटलं.

तू तिकडे तक्ता उघडून बघितलास. मग, "आजी, तू कन्व्हर्ट केलं होतंस? सांगितलं का नाहीस? एक नोट टाकायची ना."

"त्यात सांगायचं काय? आपलं नाही का साल पाडव्याला बदलत? शकाचं इसवीसन करताना कोण नोट टाकतं?"

"एव्हरीबडी, आजी. एव्हरीबडी टाकतं."

पहिल्या पन्नास पानांत मी जसंच्या तसं उतरवलं होतं. नंतर हात बसला आणि मी आपणहून साल पुढे न्यायला लागले. तू सगळंच जसंच्या तसं धरलंस आणि तिचं साल पुन्हा पुढे नेलंस. बाई खरी होती. चारशे वर्षांनी आपण दोघींनी मिळून तिला खोटी ठरवली.

जुम्म्याच्या सुट्टीला तुझा बाबा माझ्यासमोर बसला. "आई, एका वर्षाने काय बिघडतं? आता चारशे वर्षांपूर्वीच्या बायकांची वकिली करणार का तू?"

"करीन. फी घेत नाही."

"लेख मागे घेतला तर पोरीची जागा जाईल. तू नको म्हण तिला. तुझंच ऐकेल ती."

मी नर्स असतानाची वॉर्डातली एक गोष्ट त्यालाही माहीत नाही. आपल्याकडचीच एक मुलगी, घरकामाला आलेली, बाळंत झाली. इथे लग्नाशिवाय मूल म्हणजे गुन्हा, नोंदणीला लग्नाचा दाखला हवा, तो तिच्याकडे नव्हता. नवरा गावी आहे, कागद येतोय, असं ती हिंदीत सांगत राहिली. मी तिचा पासपोर्ट उघडला, येण्याचा शिक्का बघितला आणि तिच्यासमोरच इस्पितळाच्या कारकुनाला म्हटलं, ही तर दोन वर्षं इथंच आहे. संध्याकाळी पोलीस तिला बाळासकट घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स फाइलला लावताना मागच्या पानावर दुसरा शिक्का दिसला. मधे ती महिनाभर गावी जाऊन आली होती. दिवस बरोबर जुळत होते. मी बोलले का? नाही. कागद फाइलला लावला आणि पुढच्या पेशंटकडे गेले. तिचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं, असं म्हण.

म्हणून तुला फोनवर 'लेख मागे घे' म्हणाले. माझी चूक सांग, आजीने तक्ता बिघडवला म्हण. तू मागे घेतलास. माझं नाव मात्र सांगितलं नाहीस, हे तुझ्या आईकडून कळलं. जागा दुसऱ्याला मिळाली. तू कॉफीच्या दुकानात कामाला उभी राहतेस, हिवाळ्याच्या सुट्टीत येत नाहीस, पानं पाठवत नाहीस. तुझा बाबा जेवताना माझ्याशी हवापाण्याचं बोलतो. मला याचं वाईट वाटतं, पण पुन्हा वेळ आली तर मी तेच सांगेन.

आता एकच सांगायचं राहिलंय. त्या तक्त्यात आणखी दीडशे माणसं आहेत. कुणाचं साल मी पुढे नेलं आणि कुणाचं नाही, हे माझ्या वहीतल्या खुणांवरून मलाच कळेल, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू झालाय. फोनवर हे जमणार नाही. तू शेजारी बसून मूळ पान वाचायचं आणि मी वही. रागावलेली ये, बोलू नकोस हवं तर. पण डोळा आहे तोवर ये.