वॉर्डात रेंज फक्त हिच्या फोनला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे देवासच्या बाजारात जाऊन सिम घेणं. मुलगी मनू कॅनडात असते. तिचं बाळंतपण दोन महिन्यांवर आलं होतं आणि आम्हाला सहा महिने तिच्याकडे राहायचं होतं. मी सातवीपर्यंत शिकलेला, जन्म लेथ मशीनवर गेला. मी स्टुलावर बसलो, सगळं विचारलं हिने. बँकेचा मेसेज तिथे येईल का? व्हॉट्सॲप याच नंबरावर राहील ना?

"सब आएगा, माताजी," दुकानदार म्हणाला. "बस रोमिंग यहीं से चालू करवाके जाना. वहाँ जाके मत ढूँढना."

मी म्हटलं, "भिया, दोनों को एकच कंपनी दे दो, सस्तीवाली."

"मुळीच नाही," ही म्हणाली. "वेगवेगळ्या घ्यायच्या. एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची लागेल."

तिने तिकडे चांगली चालणारी घेतली, मी हट्टाने स्वस्तातली. बाहेर उन्हात आलो तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. डोळे हळदीसारखे पिवळे होते.

सोनोग्राफी देवासला झाली, सीटी स्कॅन इंदूरला. ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिस निघाला, म्हणजे पित्ताची वाट अडल्यामुळे झालेली कावीळ. वाट अडवणारी गाठ पॅनक्रियाजमध्ये होती. ते जठराच्या मागे असतं, मराठीत स्वादुपिंड म्हणतात. गाठ कॅन्सरची. स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून पित्ताला वाट करून दिली. काविळीने सुटलेली अंगाची खाज थांबली. गाठ तिथेच राहिली.

हे आता लिहितोय, पण तेव्हा मला काही समजलं नव्हतं. डॉक्टर मॅडम इंग्रजीत मनूशी बोलायच्या आणि मी त्यांच्या तोंडासमोर फोन धरून उभा राहायचो.

हिला दाखल केलेला वॉर्ड इमारतीच्या पोटात होता. माझ्या कंपनीची रेंज तिथे शून्य, हिच्या फोनला भरपूर. म्हणून मनूचा फोन हिच्याच नंबरावर यायचा. रोज तासभर बोलणं. त्या दुखण्यातही ही हसायची. माझ्या वाट्याला "पाणी द्या", "उशी सरकवा". खरं सांगतो, मी जळत होतो. शेजारच्या खाटेवरची बाई बरी होऊन घरी निघाली, तेव्हा तिच्या नवऱ्यावर जळलो, पण ते एक दिवस. पोटच्या पोरीवर मात्र रोज.

एकदा मनू फोनवर मला म्हणाली, "नाना, आईच्या पाठीत फार कळा येतात, डॉक्टरांना सांगा." मी हिच्या खाटेपासून दोन हातांवर, खाली झोपत होतो. मला ठाऊक नाही, आणि कॅनडात ठाऊक!

मी हिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रडता," ती म्हणाली.

मग मी मॅडमना गाठलं. "मॅडम, नवरा मैं हूँ. मेरेको बोलो." त्या माझ्याजवळ बाकावर बसल्या. "काका, अब इलाज बीमारी का नहीं, दर्द का है. इसको पॅलिएटिव्ह केअर बोलते हैं." म्हणजे बरं होणार नाही, पण दुखू द्यायचं नाही. मी तिथेच रडलो. हिचं म्हणणं बरोबर होतं.

त्याच आठवड्यात ही गेली. मनूला नववा लागलेला, विमानात घेईनात. धारहून हिचे भाऊ अण्णा आले. स्मशानात त्यांनी मनूला व्हिडिओ कॉल लावून फोन चितेसमोर धरला. मी तो त्यांच्या हातातून ओढला आणि बंद केला. "इथे तरी ती माझी एकट्याची राहू दे," म्हणालो.

संध्याकाळी हिच्या फोनवर मनूचा फोन आला. मी उचलला.

"नाना, तुम्ही आईचे पाय तरी दाबले. मेरे पास क्या था? नुसती काच. मी रोज तुमच्यावर जळायचे. आणि आज तुम्ही तेवढी काचही काढून घेतलीत."



ज्यांची लेकरं बाहेरदेशी आहेत त्यांना सांगतो. नवरा-बायकोने दोन वेगळ्या कंपन्या घ्या. दवाखान्यात खाट मिळाली की आधी रेंज बघा. जायचं असेल तर रोमिंग इथूनच चालू करा. आणि फोन लावायला स्वतः शिका. मी बासष्ट-पासष्टचा असताना शिकायला हवं होतं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी सावडायला गेलो. अण्णांना विचारलं, "कुठलं बटण?" त्यांनी दाखवलं. मनूला व्हिडिओ कॉल मीच लावला. तिचं तोंड रडून सुजलं होतं. मी फोन राखेकडे वळवला.

"नाना, फोन हलवू नका," ती म्हणाली. "आधी दूध शिंपडा ना."

मी शिंपडलं. मग एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने सावडत राहिलो. ती जिथे म्हणाली, तिथे थांबलो.