लहान पावलांची बेटवासी

आमच्या आत्याबद्दल गल्लीत अशी आवई आहे, की ती घरच्या फ्रीजमध्ये उंदीर ठेवते आणि त्यापायीच तिचं लग्न झालं नाही. खरं म्हणजे फ्रीज ती नोकरी करते त्या संग्रहालयातला, आणि लग्नही झालंय. काका ठणठणीत आहेत, फक्त जेवताना उंदरांचा विषय निघाला की हात जोडतात.

आत्याचं काम म्हणजे उंदरांच्या जाती ओळखणं. समोरच्या बेटावर जहाजांतून उतरलेल्या मोठ्या उंदरांनी पक्ष्यांची अंडी फस्त केली, म्हणून तिथे विष टाकायचं ठरलं. आत्याचं म्हणणं, बेटाचा स्वतःचा एक लहानखुरा उंदीर आहे, जगात दुसरीकडे कुठे नाही. आधी त्यातले थोडे आणून सांभाळू, विषाचा असर सरला की परत सोडू. पण मागे एकदा तिने जहाजी उंदराच्या पिल्लालाच नवी जात ठरवलं होतं. तेव्हापासून संग्रहालयाचे मोठे साहेब तिचं काही ऐकायचं म्हटलं की घसाच खाकरतात.

या वेळी तिने बेटावरून एक जिवंत मादी आणली. मी डबा द्यायला गेले, तर साहेब पिंजऱ्यात डोकावत होते.

"अं... बाई, पुन्हा, अं, पिल्लूच की हो!"

"पावलं बघा, साहेब! पिल्लाची पावलं आधी वाढतात, अंगाला मोठी दिसतात. हिची इवलीशी आहेत. ही चांगली वाढलेली बाई आहे."

"अं... मागेही तुम्ही असंच, अं, छातीठोक सांगितलं होतंत. विषाची होडी बेटाकडे सुटेपर्यंत बघू."

साहेब गेले आणि आत्या मटकन खुर्चीत बसली. "माझं हसं झालं तर होऊ दे गं. पण ही जातच संपेल."

तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी मुद्दाम खिजवलं, "पिल्लूच आहे ते! बघ, बोक्याएवढं होतंय. पैज? हरले तर महिनाभर पिंजरे मी धुते."

"लागली!" आत्या एकदम ताठ झाली.

होडी सुटायच्या आदल्या दिवशी तिचा फोन. "ये. जुने कपडे घालून ये."

साहेब पिंजऱ्यापुढे उकिडवे बसले होते. गवतात चार गुलाबी जीव वळवळत होते आणि आमचं 'पिल्लू' त्यांना पाजत होतं.

"होडी थांबवतो, बाई," साहेब कुजबुजले. "पिंजरे किती लागतील?"

"आहेत तेवढे सगळे," म्हणत आत्याने माझ्या हातात ब्रश दिला. "कोपरे नीट घास हं. बाळंतिणीची खोली आहे."