शेवटाची रिकामी फळी

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता माझे वडील उधन्यातले एक संग्रहालय पाहायला गेले. सोबत मी होतो. संग्रहालय म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यावरची एक खोली. सुरतेत अशा कारखान्याला खाते म्हणतात. खोली फक्त रविवारी दहा ते एक उघडी असते आणि तिच्यात एकाच गोष्टीच्या वस्तू आहेत.

गोष्ट अशी. एका विणकराचा धोटा, आडवा धागा नेणारा, मागातून उडतो आणि नदीत पडतो. विणकर त्याच्यामागे उडी मारतो. पाण्याखाली एक राज्य असते. तिथल्या कुणालाच सावली नसते. राजा त्याला अडवतो आणि सांगतो, माझ्या प्रजेला सावल्या विणून दे, मग जा. सूत मिळत नाही, म्हणून विणकर स्वतःच्याच सावलीचा धागा उसवून विणू लागतो. एकेक सावली तयार होते, तशी त्याची स्वतःची आखूड होत जाते.

ही गोष्ट कुठे छापलेली नाही. याच खात्यातल्या एका कारागिराने ती रचली आणि अनेक वर्षे सांगितली. मागांच्या आवाजात कानाशी ओरडूनही शब्द पोचत नाही, त्यामुळे खात्यात कारागीर हातांनी आणि ओठांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, मास्तर चिडलाय, प्रत्येकाची खूण ठरलेली असते. गोष्टही तशीच सांगितली गेली, धोट्यातली सुताची कांडी बदलता बदलता. मोठ्या माणसाची खूण म्हणजे पोटापुढे हात गोल फिरवणे. ती मुळात शेठची खूण. त्यामुळे पाण्याखालचा राजा सगळ्यांच्याच आठवणीत पोट सुटलेला आहे.

संग्रहालय चालवते ती त्या कारागिराची मुलगी. वय पन्नाशीच्या आसपास. आठवडाभर ती घरी साड्यांना टिकल्या लावण्याचे काम करते. तिचे वडील वारले तेव्हा स्मशानात आलेले लोक आपसात गोष्टीतले प्रसंग सांगत होते. गोष्ट आहे हे तिला तिथे पहिल्यांदा कळले. लहानपणी तिने एकदा वडिलांकडे गोष्ट मागितली होती. ते म्हणाले होते, "हात थकलेत, बेटा." त्यांना सांगायचे नाही, असा अर्थ तिने घेतला होता.

त्यानंतर तिने जुने कारागीर शोधले. सुरतेतच पर्वत पाटिया भागात, कोसाडच्या वसाहतीत, गावी परतलेले असतील तर फोनवर. जे मिळाले ते मांडत गेली. शेठने वरची खोली वापरायला दिली.

मी पहिल्यांदा तिथे गेलो ते आमच्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानासाठी छोटी बातमी करायला. दारातच पाण्याने भरलेली प्लास्टिकची बादली होती, तळाशी आरसा. पाटी: "राज्याचा दरवाजा. हात घालू नये." पुढे काचेच्या बरणीत पितळी टोकाचा धोटा. तारेवर चिमट्यांनी अडकवलेल्या सावल्या, अस्तराच्या काळ्या कापडातून कापलेल्या, पाण्याखालच्या प्रजेतल्या एकेकाची एकेक. भिंतीला ठोकलेली मोजपट्टी: "राजाच्या पोटाचा घेर." कारागिरांच्या सांगण्यात जिथे फरक पडला, तिथे तिने दोन्ही लिहिले होते. खानदेशातला सांगतो की नदी तापी होती. विदर्भातला सांगतो की नदी नव्हतीच, विहीर होती. गोष्ट रचणाऱ्याचा एकच फोटो होता. स्टुडिओतला पडदा, खुर्चीत बसलेला माणूस, शेजारी दोन वेण्या घातलेली पाच-सहा वर्षांची मुलगी.

शेवटची फळी रिकामी होती. तिच्यावर कार्ड: "विणकर घरी पोचला का? ज्याला ठाऊक असेल त्याने सांगावे."

तिने मला समजावले. वडिलांनी शेवट कामाच्या अगदी शेवटच्या पाळीत सांगितला, असे सगळे म्हणतात. पण त्या पाळीत समोरच्या मागांवर एकच माणूस होता. तो कोण, हे कुणाला आठवत नाही. कोणते वर्ष, कोणती पाळी, हे मी विचारले. उत्तर लिहून घेतले आणि मग सांगितले की त्या वर्षी या खात्यात त्या पाळीला माझे वडील होते.

तिने रिकाम्या फळीवरचे कार्ड सरळ केले. मग म्हणाली, "काकांना आणा ने. पुढच्या रविवारनंतर खालचे माग भंगारात जातायत. मग ही खोली राहील का नाही, शेठलाच माहीत."

वडील आमच्याकडे कोसाडला राहतात आणि अजून अहिराणीच बोलतात. त्यांना थोडे कमी ऐकू येते. मी संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर बसलो, फोन रेकॉर्डिंगवर ठेवला आणि विचारले, विणकराचे शेवटी काय झाले.

"कोनता विनकर?"

मी सांगितले.

"हां, तो. माले याद नही." त्यांनी फोनकडे पाहिले. "तुन्हा पेपरमां लिख, म्हतारा इसरी गया."

मी तीन संध्याकाळी विचारले. उत्तर तिन्ही वेळा तेच मिळाले. तिसऱ्यांदा ते उठून गॅलरीत गेले.

तरी रविवारी ते यायला तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घातला. दारातल्या बादलीपाशी थांबून त्यांनी विचारले, "हाई काय शे?"

"तापी, काका," ती म्हणाली.

"इतली निर्मळ?"

ती हसली. मोजपट्टीपाशी ते पुन्हा थांबले. पोटापुढे हात फिरवला. "शेठ बी शे का आठे?"

"शेठला सांगू नका हं, काका. खोली काढून घेतील."

तिने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, समोर फोन ठेवला. या भागातल्या खात्यांना रविवारी सुट्टी नसते, त्यामुळे खाली माग चालू होते. चहाचा कप बशीत थरथरत होता, पण आवाज कमी येत होता. सांगणाऱ्यांचे बोलणे नीट रेकॉर्ड व्हावे म्हणून तिने खिडक्यांना गोधड्या ठोकल्या होत्या आणि दाराला फोम लावला होता. आतापर्यंतच्या प्रत्येक कारागिराला तिने याच खुर्चीत बसवून विचारले होते.

वडिलांनी चहा संपवला. सावल्या पाहिल्या. फोटो जवळून पाहिला आणि म्हणाले, "हाऊच तो." मग पुन्हा खुर्चीत बसले. तिने एकदा विचारले, दोनदा विचारले. दुसऱ्या वेळी तिचा आवाज बदललेला होता.

"माय," वडील म्हणाले, "मी खोटं नही बोलत. आठे बशीसन माले काहीच सुचत नही. ती गोट बोलीसन कधी व्हतीच नही."

तिने फोन बंद केला. गोधड्यांकडे पाहिले. मग वही उचलली आणि विचारले, "काका, खाली येता?"

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही खात्यात उतरलो. खाली मागांच्या आवाजाशिवाय काहीच ऐकू येत नव्हते. वडील न विचारता दोन रांगांमधल्या गल्लीत गेले आणि डावीकडच्या तिसऱ्या मागापाशी उभे राहिले. त्यांनी तिला हाताने समोरच्या मागापाशी जायला सांगितले. ती गेली. वडिलांनी आधी मागाकडे पाहिले, कापडावरून बोट फिरवले, एक तुटलेला धागा त्या मागाच्या कारागिराला दाखवला. मग मान वर केली आणि हात उचलले.

पुढचे मी पाहिले तसे लिहितो. खुणांचा अर्थ तिने नंतर सांगितला. कारागिरांकडून शिकलेल्या खुणा तिच्या वहीत चित्रे काढून ठेवलेल्या होत्या.

विणकर टाचेपाशी वाकतो आणि सावलीचा शेवटचा धागा ओढून काढतो. राजा, म्हणजे पोट, वर बोट दाखवतो. विणकर पाण्यातून वर येतो. चालतो. मागे वळून पाहतो, तळहात रिकामा, म्हणजे सावली नाही. रस्त्यावरची माणसे त्याला हाताने दूर लोटतात. दोन तळहात टेकवून छप्पर, म्हणजे घर. दार. दारात कुणीतरी. इथे वडिलांनी एक हात कमरेइतक्या उंचीवर धरला आणि मग दोन्ही हात कानांपासून खांद्यांपर्यंत खाली ओढले.

तिने वही मिटली.

वडील थांबले नाहीत. कमरेइतक्या उंचीवरून त्यांनी मागे जमिनीवर पसरलेले काहीतरी दाखवले, दोन बोटांच्या कात्रीने ते मधोमध कापले आणि अर्धे स्वतःच्या पायापाशी ठेवले. मग दोन्ही हातांनी काहीतरी जड उचलून खांद्यावर घेतल्यासारखे केले. ही खूण मला माहीत होती. ताका, म्हणजे कापडाचा तागा, विणून पूर्ण झाला की ती करतात.

सगळे मिळून चार मिनिटे लागली.

वर आल्यावर तिने खुणांचा अर्थ वहीत वाक्यांत लिहून काढला आणि मी पडताळणी केली. ती एकेक वाक्य मोठ्याने वाचत गेली, वडील मान हलवत गेले. "तो घरी येतो. दारात घरचं माणूस असतं—"

"मानूस नही," वडील म्हणाले. "पोर. दोन वेन्या."

तिने ते लिहिले. पुढचे वाक्य तिने वाचले नाही. मी वाचले: मुलगी आपली अर्धी सावली कापून त्याला देते आणि तो घरात येतो. वडील म्हणाले, बरोबर.

परतताना रिक्षात मी त्यांना विचारले, तीन दिवस विचारत होतो तेव्हा का सांगितले नाही.

"तू इचारं तवय माग कोठे चालू व्हता?"

त्या आठवड्यात मंगळवारी आणि बुधवारी खालचे माग ट्रकमध्ये भरून गेले. खोलीबद्दल शेठने काही सांगितलेले नाही. पुढच्या रविवारी मी दहा वाजता गेलो तेव्हा संग्रहालय उघडे होते. शेवटच्या फळीवर दोन वस्तू होत्या, अस्तराच्या काळ्या कापडाची एक सावली, मधोमध कापलेली, आणि एक कार्ड. कार्डावर शेवट चार ओळींत होता. खाली लिहिले होते: "समोरच्या मागावरच्या कारागिराने हाताने सांगितले." खिडक्यांवरच्या गोधड्या काढलेल्या होत्या.