बिनतपकिरीच्या शिंका

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका बोळात कुंडलिक नावाचा गृहस्थ राहत असे. एकोणीसशे तीस सालच्या आसपासची गोष्ट. कापडाच्या दुकानात कापड मोजून फाडायचे, हे त्याचे काम. एरवी त्याच्याइतका शांत माणूस शोधून सापडला नसता. गळ्यात माळ, तोंडात साधी सुपारीही नाही. पण फाल्गुन सरत आला आणि अंगणातला कडुलिंब मोहरला, की या सज्जनाच्या नाकातून तोफा सुटू लागत.

पहिल्या शिंकेला हातातला मोजायचा गज हले, दुसरीला गिऱ्हाईक मागे सरके, आणि पुढच्या शिंकांत खण किती मोजला हे दोघेही विसरत. डोळे लाल, त्यांतून सारखी धार. नवे गिऱ्हाईक मालकाला हळूच विचारी, "ह्यो सकाळधरनंच पितो व्हय?" रात्री आडवे व्हावे तर नाक बंद. मग भिंतीला टेकून, तोंड उघडे टाकून तो बसल्या बसल्याच झोप उरकी. ते ध्यान पाहून मांजरसुद्धा त्याच्याजवळ जाईनासे झाले होते.

बोळातल्या प्रत्येकाकडे यावर औषध होते, आणि सगळ्यांचे औषध एकच: कडुलिंब. कुणी पाल्याचा वाफारा दिला, कुणी मोहर गुळात चुरून खायला लावला. शेजारच्या शिवबाईने तर कमाल केली. "लिंबाखाली खाट टाक. त्येची हवा लई गुणाची," ती म्हणाली. कुंडलिक आज्ञाधारक. सकाळी त्याचे डोळेच उघडेनात. बायकोने, सोनाबाईने, कोमट पाण्याने ते सोडवले.

शेवटी तो इंग्रजी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी नाकात डोकावून सांगितले, "फुलाची बारीक धूळ तुम्हाला सोसत नाही. या दिवसांत घराजवळ काय फुलतं?" कुंडलिकने खरे ते सांगितले. ते कळल्यावर बोळ आठवडाभर हसत होता. लिंबाने माणूस आजारी पडतो म्हणे. उद्या हा डॉक्टर तुळशीलाही नावे ठेवील. आणि झाड तोडावे तर साऱ्या बोळाला उन्हाळ्यात तेवढीच सावली. ते तोडण्याचे खुद्द कुंडलिकच्याही मनात येईना.

इथवर हसून चालण्यासारखे होते. पण वच्छला, त्याची एकुलती एक मुलगी, लग्नाची झाली, आणि मुलगी पाहायला येणारे लोक नेमके मोहराच्या दिवसांत येत. दोन स्थळे हातची गेली. बोलणी जुळत आली, पाहुण्यांनी होकारासाठी तोंड उघडले, की कुंडलिक शिंके. शुभकार्यात शिंक, तीही एक नव्हे, माळच्या माळ. पाहुणे पाणी न पिताच जोडे शोधू लागत.

तोडगा पुन्हा शिवबाईनेच काढला. ती तपकीर ओढणारी. "तपकिरीची शिंक कुनी अपशकुन धरत न्हाई. हातात डबी ठेव की," असे म्हणून तिने आपली एक रिकामी डबी त्याला दिली. पोरीसाठी माळकरी माणूस व्यसनी ठरायला तयार झाला.

तिसरे स्थळ आले ते वैरागचे. मुलाचे वडील आबासाहेब आणि आई चिमाबाई. मुलगा वच्छलाने एका लग्नात पाहिला होता आणि आईजवळ तिने होकाराची मान डोलावली होती. हे गेले तर पोर मनातून खचेल, हे कुंडलिकला ठाऊक होते.

बोलणी चालू झाली. कुंडलिक शिंकला आणि त्याने घाईघाईने डबी पुढे धरली.

आबासाहेब थांबले. "तपकीर ओढता व्हय पाव्हणं? आमच्या घरात तसलं काय चालत न्हाई. व्यसनाच्या घरची पोर आमी करनार न्हाई."

सोनाबाईने पदराआडून नवऱ्याकडे पाहिले. हो म्हणावे तर व्यसन, नाही म्हणावे तर अपशकुन. कुंडलिकने डबी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. आत काहीच नव्हते.

"मी जन्मात ओढली न्हाई. माझा हा आजारच हाय. डॉक्टर म्हनत्यात, लिंबाच्या मोहराची धूळ. शिंक धरून तुमी उटून जाल म्हनून खोटं केलं."

"आजाराची शिंक आमी धरत न्हाई," आबासाहेब म्हणाले. "पन हे पोरीलाबी हाय का?"

चिमाबाई उठल्या. "बघू की. चल गं पोरी, बाहेर लिंबाखाली बसू."

पारावर वच्छला बसली आणि तिच्यासमोर वैरागची सगळी मंडळी. वाऱ्याबरोबर मोहर तिच्या डोक्यावर, मांडीवर पडत होता. पोरगी मान खाली घालून स्वस्थ. आणि तिच्या शेजारी कुंडलिक येऊन बसला.

"अवो, तुमी आत जावा की," सोनाबाई कासावीस झाली.

"पोरीला एकटीला बसवू व्हय, बाजारात म्हस बसवल्यावानी?" एवढे बोलला आणि त्याचा तोफखाना सुरू झाला. डोळे सुजले, धोतराचा सोगा भिजला, बोलता येईना, पण तो उठेना. बाप लेकीच्या वाटचेही शिंकत होता म्हणा.

चिमाबाईंनी बराच वेळ पाहिले. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीला काय सुदिक झालं न्हाई. आता त्यास्नी आत न्या, न्हाईतर लग्नाला बाप उरायचा न्हाई."

"अजून जरा बघू—"

"काय बघायचं ऱ्हायलंय? असला बाप हाय तिला. आनि लगीन जेष्ठात धरा, मोहर झडल्यावर."

आबासाहेबांनी बायकोकडे पाहिले आणि लग्न ठरल्याची सुपारी फोडायला मागितली.

सोनाबाईने साखर आणली, सगळ्यांच्या हातावर ठेवली, कुंडलिकच्या तर तोंडातच घातली. मोहराच्या दिवसांत त्याच्या जिभेला चव राहत नसे. त्याने ती चघळली आणि बायकोला विचारले, "गोड हाय न्हवं?"

"हाय, लई गोड हाय," सोनाबाई म्हणाली.

"मग झालं," कुंडलिक म्हणाला आणि पुन्हा शिंकला.