थांबवायचं बटण

विमान चालवायला शिकवणाऱ्या माणसाला कॅप्टन म्हणून विमान उडवू द्यावं का, या प्रश्नावर मी काही बोलावं हे जरा हास्यास्पद आहे. मी अजून विमानात बसलेले नाही. पण तो प्रश्न माझ्यासमोर सुटला, किंवा बिघडला. तेव्हा एक गोष्ट बोलायला हवी होती आणि मी बोलले नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजने इंटर्नशिप सक्तीची केली होती. मला अंधेरी पूर्वेला वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्रात जागा मिळाली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मुलुंडच्या आमच्या चाळीत मी विमान दुरुस्त करते अशी बातमी पसरली. खरं तर तिथे विमान नव्हतंच. सहा पायांवर उभी असलेली एक पांढरी खोली होती, तिला सिम्युलेटर म्हणतात. आत शिरलं की हुबेहूब वैमानिकांची केबिन, आणि काचेपलीकडे मुंबईची धावपट्टी. धावपट्टीच्या कडेच्या वस्त्यांच्या जागी चित्रात नुसता करडा रंग भरलेला होता. माझी आत्या त्या करड्या रंगात राहते.

सकाळी हेडफोन, पडदे, दिवे तपासायचे, आणि वर्ग चालू असताना मागच्या जादा खुर्चीवर बसून यंत्रात काही बिघडलं तर नोंदवहीत लिहायचं, हे माझं काम.

तिथे वैमानिकांना शिकवणारे सर बोरिवलीहून यायचे. पन्नाशीचे, पांढरा साधा शर्ट, खांद्यावर पट्ट्या नाहीत. तरुणपणी ते एका विमान कंपनीत को-पायलट होते. कॅप्टनच्या परीक्षेला थोडे महिने उरले असताना ती कंपनी बंद पडली. मग ते शिकवायला लागले ते पंधरा वर्षं शिकवतच राहिले. त्यांनी शिकवलेली मुलं आता कॅप्टनच्या चार सोनेरी पट्ट्या लावून नेमाच्या तपासणीला येत आणि त्यांच्या पाया पडायला वाकत. सर म्हणत, "अरे, वाकू नका. युनिफॉर्मची इस्त्री मोडते."

शिकवताना विद्यार्थी चुकला की सर बटण दाबत. विमान आकाशात जागच्या जागी थांबे. मग सर शांतपणे सांगत, बघ, आत्ता तू काय केलंस. ते मागे बसलेले असले तर बटण त्यांच्या पडद्यावरच असे. पण कधी ते स्वतः पुढे, कॅप्टनच्या खुर्चीत बसून दाखवत. त्या वेळेसाठी एक छोटा रिमोट दोन खुर्च्यांच्या मागे खुंटीला अडकवलेला होता. शेजारचा चुकला की सरांचा उजवा हात न बघता मागे जाई, रिमोट दाबी आणि परत येई. डोळ्यांवर आलेले केस मागे सारावे तितक्या सहज.

त्यांचा एक धडा मी इतक्यांदा ऐकला की पाठ झाला होता. "शेजारचा चुकतोय असं दिसलं तर बोला. तो मोठा आहे, अनुभवी आहे, माझंच चुकत असेल, असले विचार जमिनीवर करा. गप्प बसणाराही तितकाच चुकतो."

केंद्र ज्या विमान कंपनीचं होतं, तिला त्या वर्षी कॅप्टन कमी पडत होते. जमिनीवर शिकवणाऱ्यांना कॅप्टन म्हणून घ्यावं का, यावर केंद्रात रोज वाद. एक म्हणे, सगळ्या चुका ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांच्यापेक्षा सुरक्षित कोण? दुसरा म्हणे, खऱ्या आकाशाचा वारा पंधरा वर्षं अंगाला लागला नाही, त्याचं काय? शेवटी ठरलं की आधी एकाची परीक्षा घ्यायची, तीही सिम्युलेटरमध्येच, आणि त्यावरून सगळ्यांचं ठरवायचं. ते एक म्हणजे सर. वैद्यकीय तपासणी आणि लायसन्स त्यांनी एकही वर्ष चुकू दिलं नव्हतं.

मी हे घरी जेवताना सांगितलं. बाबा मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो.

"द्यायलाच पाहिजे गो," बाबा म्हणाले. "ज्याने एवढी पोरं तयार केली, त्याला येत नाही म्हणणार?"

"तुम्ही नका बोलू," आई म्हणाली. "रिक्षात मागे बसलात तरी पाय दाबता. परवा तो रिक्षावाला विचारत होता, काकांच्या पायात गोळा आलाय काय."

बाबाही हसले. मीही हसले, आणि मग मला सरांचा हात आठवला.

दुसऱ्या दिवशी सर डबा खात होते तिथे मी गेले. "सर, एक विचारू?"

"विचार की. परवानगी कसली मागतेस?"

त्यांच्या पोळीकडे बघत मी भलतंच, एका हेडफोनच्या खरखरीबद्दल विचारलं. मला वाटलं, पंधरा वर्षं शिकवणाऱ्याला हाताची सवय मी सांगायची? मी कोण?

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. आत शिरताच खुंटीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "तो काढ. परीक्षेत थांबवायचं नसतं." मी रिमोट काढला आणि हातात धरून मागे बसले. मग सर आत आले. शर्टाला कडक इस्त्री. कॅप्टनच्या खुर्चीत बसण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळं ठीक ना गं?"

रिमोट माझ्या मुठीत होता. तो दाखवून एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागला असता?

"हो सर," मी म्हणाले.

इंजिनाला आग लागली, ती त्यांनी विझवली. दुसऱ्या इंजिनावर विमान वर नेलं, फिरवून आणलं. आवाज एकदाही चढला नाही. उरलं फक्त उतरणं. शेजारी को-पायलट म्हणून त्यांचाच एक जुना विद्यार्थी होता, त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेला. वेग कमी असताना विमानाला तोलून धरायला पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली सोडतात. सरांनी त्या आणखी खाली सोडायला सांगितल्या. त्याने दांडा उलटा, वर सरकवला.

ही चूक सरांना सगळ्यांच्या आधी कळली. दांडा हलला त्याच क्षणी त्यांचा उजवा हात इंजिनाच्या दांड्यावरून निघाला. पण तो पुढे काही करायला गेला नाही. मागे आला आणि रिकाम्या खुंटीवर चाचपडला. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर ती बोटं खुंटी पुनःपुन्हा दाबत होती. विमान खाली चाललं होतं, धोक्याचा आवाज ओरडत होता, आणि रिमोट माझ्या मुठीत होता.

हात परत गेला तोवर करडा रंग काचभर झाला होता. मग विमान आदळलं की होते तशी काच लाल झाली आणि सगळं आपोआप थांबलं.

परीक्षकांनी हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाले, "चूक ओळखलीत. मग वाट कशाची बघत होतात?" सरांनी खुर्चीचा पट्टा सोडवला.

आठवडाभरात सूचना लागली की जमिनीवरच्या प्रशिक्षकांचा कॅप्टनपदासाठी विचार होणार नाही. इतर दोन प्रशिक्षकही आशेवर होते. त्यांतला एक सरांना सगळ्यांसमोर म्हणाला, "आमची पण वाट लावलीस यार." सर म्हणाले, "हो रे."

त्या दुपारी त्यांनी मला विचारलं, "माझा हात असा जातो, हे तुला आधी दिसलं होतं?"

"हो सर."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

त्यांनी डब्याला झाकण लावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "सगळ्यांना असंच वाटतं," ते म्हणाले आणि डबा उचलून गेले.

मी बोलले असते तर ते पास झाले असते का, मला माहीत नाही. पंधरा वर्षांचा हात एका वाक्याने सुटला असता असं वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर निर्णय चुकीचा होता असंही मला म्हणता येत नाही. त्या करड्या रंगात आत्या राहते. बाबांनी एकदाच विचारलं, "काय झालं गो त्यांचं?" मी म्हणाले, "नाही घेतलं."  ते जमिनीवर टेकलेल्या आपल्या उजव्या पायाकडे बघत बसले.

सर अजून शिकवतात, पण आता बटण दाबत नाहीत. माझ्या शेवटच्या आठवड्यात एक मुलगा उतरताना चुकला. चुकल्याचं त्याला कळलं आणि सवयीने त्याने मागे वळून पाहिलं, आता सर थांबवतील म्हणून. सर मांडीवर हात ठेवून बसले होते. मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला आणि काच लाल झाली.

"पुन्हा," सर म्हणाले.

रिमोट खुंटीला होता. यादीप्रमाणे मी त्याचा सेल बदलला होता. नोंदवहीत त्या वर्गापुढे मी लिहिलं, बिघाड नाही.